जुन्या वनस्पती उद्यानात पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदा एका जुन्या वनस्पती उद्यानात गेले तेव्हा मी साडेतीन तास चालले. नकाशावरचा एकही कोपरा सोडला नाही. रात्री घरच्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? मला सांगता आलं ते एवढंच, की झाडं खूप मोठी होती. वहीत एक नाव नाही, फोनमध्ये दोनशे फोटो, आणि त्यातला कुठला कशाचा हे देवालाच ठाऊक. त्यानंतर अशा उद्यानांत फिरायची माझी पद्धत हळूहळू बदलत गेली. तीच इथे क्रमाने लिहिते आहे. थोडक्यात सांगायचं तर झाडं कमी बघायची आणि पाट्या वाचायच्या.

घरूनच शोधायची गोष्ट: ही बाग लावली कशासाठी?

साध्या बागेत झाड सावलीसाठी नाहीतर शोभेसाठी लावतात. वनस्पती उद्यानात झाडाच्या मागे एक नोंद असते. ते कुठून आलं, कोणी आणलं, बी आलं की रोप, हे कुठल्यातरी रजिस्टरात लिहून ठेवलेलं असतं, किंवा लिहून ठेवायचा प्रयत्न तरी केलेला असतो. म्हणून निघण्याआधी अर्धा तास काढा आणि उद्यान कोणी, कधी आणि कशासाठी सुरू केलं तेवढं वाचून घ्या. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

इटलीतल्या पाडुआचं उद्यान १५४५ सालचं. विद्यापीठाने काढलेलं आणि मूळ जागा न सोडता टिकलेलं हे जगातलं सर्वांत जुनं उद्यान. (पिसाचं एक वर्ष आधीचं, पण त्याची जागा पुढे बदलली.) वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती प्रत्यक्ष बघून ओळखता याव्यात म्हणून ते काढलं, कारण भलतीच मुळी काढ्यात गेली तर रोग्याच्या जिवावर बेतायचं. या वनस्पतींना मोल एवढं, की रात्री चोऱ्या व्हायला लागल्या आणि बागेभोवती गोल भिंत बांधावी लागली. लंडनमधलं चेल्सीचं उद्यानही याच जातकुळीचं, १६७३ मध्ये औषधं तयार करणाऱ्यांच्या संघाने काढलेलं. अशा ठिकाणी छोटे आखीव वाफे असतात. तिथे चालणं कमी आणि वाकणं जास्त.

वसाहतींच्या काळातल्या उद्यानांची तऱ्हा निराळी. हावड्याला शिबपूरचं उद्यान कर्नल रॉबर्ट किड यांच्या प्रस्तावावरून १७८७ मध्ये सुरू झालं. ईस्ट इंडिया कंपनीला जहाजांसाठी सागवान हवा होता, मसाले हवे होते, व्यापाराला उपयोगी पडेल असं काहीही हवं होतं. २००९ पासून या उद्यानाला जगदीशचंद्र बोस यांचं नाव आहे, आणि विस्तार सुमारे १०९ हेक्टर. मॉरिशसच्या पॅम्पलमूस उद्यानात पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने लवंग आणि जायफळ वाढवलं. डचांनी आपल्या बेटांबाहेर जाऊ नयेत म्हणून ज्यांच्यावर पहारा ठेवला होता, ती हीच रोपं. जावा बेटावरच्या बोगोरच्या उद्यानात १८४८ मध्ये तेलमाडाची चार रोपं आली, आणि आग्नेय आशियातल्या पामतेलाच्या मळ्यांचा मोठा हिस्सा त्या चौघांच्या वंशातला आहे.

रबराची गोष्ट तर या सगळ्यांवर ताण आहे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलहून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. रुजल्या त्यातल्या तीन हजारांहूनही कमी. पुढच्या वर्षी त्यातली २२ रोपं सिंगापूरला पोचली. १८८८ मध्ये हेन्री रिडली सिंगापूरच्या उद्यानाचे संचालक झाले आणि झाड न मारता त्याचा चीक कसा काढायचा, याची रीत त्यांनी बसवली. मळेवाल्यांना मात्र रबरात रस नव्हता. रिडली भेटेल त्याच्या खिशात बिया कोंबायचे म्हणून लोक त्यांना ‘वेडा रिडली’ म्हणत. हे वाचून गेलात तर सिंगापूरच्या त्या बागेत पाय आपोआप रबराकडे वळतात. न वाचता गेलात तर ऑर्किडचे फोटो काढून बाहेर पडाल, आणि रबराचं झाड दिसायला तसं साधंच असल्यामुळे चुकल्याचं कळणारही नाही.

वेळ आणि अंगावरचं सामान

सकाळी उघडल्या उघडल्या जा. ऊन कोवळं असतं, पक्षी असतात, माळी कामावर असतात आणि गर्दी नसते. पण दोन गोष्टी आधी विचारून घ्या. काचघरं मुख्य फाटकाच्या आधी बंद होतात का, आणि हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह सर्वांना बघता येतो का. संग्रह बहुतेक वेळा अभ्यासकांसाठीच राखून ठेवलेला असतो, पण कधी कधी त्यातलं थोडं प्रदर्शनात मांडतात.

बुटांना पकड असावी, कारण जुन्या झाडांखालची वाट शेवाळलेली असते. पाणी, टोपी, छोटी वही, पेन्सिल. पेन्सिल अशासाठी की पेनाची शाई काचघरातल्या दमट हवेत पसरते. दहा पट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग मिळालं तर सोन्याहून पिवळं. दुर्बीण असेल तर घ्याच. उंच झाडांची फुलं वर असतात आणि आपण खाली सालीकडे बघत बसतो.

फाटकातून आत गेल्यावर

नकाशा घ्या, पण तो पुरा करायच्या मागे लागू नका. पाच गोष्टी ठरवा. एखादं जुनं झाड, एक काचघर, वाफ्यांचा एखादा भाग, उद्यानाच्या इतिहासातली एक वनस्पती. पाचवी जागा मोकळी ठेवा, ती तिथेच भरते. ती भरायची सोपी युक्ती म्हणजे दिसेल त्या पहिल्या माळ्याला विचारायचं, “सध्या काय फुललंय?” माहितीपत्रक छापून वर्ष झालेलं असतं, माळ्याने ते झाड आज सकाळी पाहिलेलं असतं. एकदा अशाच प्रश्नावर एका माळीकाकांनी मला बांबूच्या बेटाआड नेलं आणि तीन दिवसांपूर्वी उमललेलं एक फूल दाखवलं. नकाशावर त्या जागी फक्त हिरवा रंग होता.

पाटी वाचायला शिका

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळी किल्ली इथेच आहे.

पाटीवर सहसा तिरप्या अक्षरांत दोन लॅटिन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. वडाच्या पाटीवर फायकस बेंगालेन्सिस असेल. फायकस ही प्रजाती, तीत पिंपळ आणि उंबरही येतात. म्हणजे तीन वेगळ्या पाट्यांवर पहिला शब्द एकच दिसला, की ती झाडं भावकीतली आहेत हे कळतं. ही दोन शब्दांची पद्धत वनस्पतींसाठी सरसकट वापरली ती कार्ल लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १७५३ च्या आपल्या ग्रंथात. त्याआधी एकेका वनस्पतीचं नाव म्हणजे लॅटिनमधलं अख्खं वर्णन असायचं. स्वीडनमध्ये उप्साला इथे लिनिअस ज्या उद्यानाची देखभाल करायचा, ते आजही बघता येतं.

दोन शब्दांनंतर एखादं आखूड अक्षर किंवा अर्धवट तोडलेलं नाव असतं. नवखे लोक ते ओलांडून पुढे जातात. ते नाव ज्याने त्या वनस्पतीचं रीतसर वर्णन प्रसिद्ध केलं त्याचं असतं. नुसतं इंग्रजी एल आणि टिंब असेल तर लिनिअस. एल टिंब एफ टिंब असेल तर लिनिअसचा मुलगा, सागाच्या पाटीवर तोच सापडतो. काही नावं कंसात असतात. अर्जुनाच्या पाटीवर कंसात रॉक्सबर्गचं तोडलेलं नाव दिसतं आणि कंसाबाहेर वाइट आणि अर्नॉट यांची. याचा अर्थ असा की आधी हे झाड रॉक्सबर्गच्या नावाने दुसऱ्या प्रजातीत, पेंटाप्टेरामध्ये, नोंदलं गेलं, आणि नंतरच्या दोघांनी ते टर्मिनालिया या प्रजातीत हलवलं. घर बदललं, पण ‘अर्जुना’ हे नाव तसंच राहिलं. हा विल्यम रॉक्सबर्ग म्हणजे १७९३ पासून शिबपूरच्या उद्यानाचा अधीक्षक. त्याने भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून जास्त चित्रं काढून घेतली. पाट्यांवर रॉक्सबर्ग जागोजागी भेटतो. त्या चित्रकारांतल्या बहुतेकांची नावं मात्र कुठेच लिहिलेली नाहीत, आणि पाटी वाचताना मला दर वेळी ते खटकतं.

खालच्या ओळीत कुळ असतं. त्याचा शेवट ‘एसी’ असा होतो: मोरेसी, फॅबेसी, मिर्टेसी. नव्या माणसाने सगळ्या जाती पाठ करायच्या फंदात पडू नये. तीन-चार कुळं डोळ्यांत बसली तरी अनोळखी झाडासमोर अंदाज करता येतो. एखादी शेंग बघून “हे फॅबेसी असावं” म्हणावं, मग पाटी बघावी. बरोबर निघाल्यावर जो आनंद होतो तो फुकटचा आहे.

मूळ प्रदेश कुठला हेही पाटीवर असतं, आणि नावापेक्षा त्यावर विश्वास ठेवा. चिंचेच्या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ आहे, पण चिंच मूळची आफ्रिकेतली. सिला पेरुव्हियाना नावाचं निळ्या फुलांचं कंदझाड भूमध्य समुद्राच्या काठचं आहे, पेरूशी त्याचा काही संबंध नाही.

नावात गुणिलेची खूण दिसली तर संकर समजा. एकेरी अवतरणात शब्द असेल तर माणसाने निवडून जोपासलेला वाण.

सगळ्यात खाली किंवा कोपऱ्यात बारीक आकडे असतात. हा नोंद क्रमांक. पुष्कळ उद्यानांत त्याचे पहिले चार आकडे म्हणजे ती वनस्पती उद्यानात आली ते वर्ष. १९८७ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ते बी किंवा रोप १९८७ मध्ये आलं. हे झाडाचं वय नव्हे. मोठं रोप आलं असेल तर झाड त्याहून जुनं असतं, आणि बी दोन वर्षांनी पेरलं असेल तर त्याहून लहान. काही ठिकाणी त्याला जोडून इंग्रजी अक्षर असतं. डब्ल्यू म्हणजे थेट रानातून गोळा केलेलं, जी म्हणजे बागेत वाढवलेल्या झाडापासून आलेलं. संशोधकांच्या दृष्टीने डब्ल्यूवाल्या झाडाची किंमत जास्त, कारण ते नेमकं कुठल्या डोंगरावरून आलं हे सहसा रजिस्टरात सापडतं.

एक फसगत टाळा. माझी झाली आहे. एका प्रचंड वृक्षाच्या खोडाला टांगलेली पाटी मी मनापासून वाचली, नाव लिहून घेतलं, घरी येऊन शोधलं तर निघाली वेल. पाटी त्या वृक्षावर चढलेल्या वेलीची होती. झाडाची पाटी मागच्या बाजूला, जमिनीत रोवलेली. आता मी आधी खोडाला एक फेरी मारते.

आणि पाटी आहे पण वाफा रिकामा, असं दिसलं तर वनस्पती मेली असं लगेच समजू नका. कंदवर्गातल्या कितीतरी वनस्पती वर्षातले काही महिने जमिनीखालीच असतात.

जुन्या झाडापाशी

जुनं झाड म्हटलं की लोक आधी खोड शोधतात. शिबपूरच्या सुप्रसिद्ध वडापाशी ही सवय उपयोगी पडत नाही, कारण त्याचं मुख्य खोड आता नाहीच. ते बुरशीने पोखरलं गेलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं. झाड मात्र हजारो पारंब्यांवर उभं आहे आणि त्याचा पसारा दीड हेक्टरहून मोठा आहे. अशा झाडाला आधी बाहेरून पूर्ण वळसा घाला, मग एका जागी दहा मिनिटं थांबा. नवी कोवळी पारंबी कुठे लोंबते आहे, ती जमिनीला टेकल्यावर तिची जाडी कशी बदलते, कुठली फांदी कोणावर टेकली आहे, हे थांबल्याशिवाय दिसत नाही.

आकारावरून वय ठरवू नका. पामवर्गातल्या झाडांच्या खोडात दरवर्षीच्या वाढीची वलयं नसतात आणि त्यांचं खोड वडासारखं दरवर्षी जाड होत जात नाही. पाडुआत एका छोट्या काचघरात १५८५ मध्ये लावलेला बुटका पाम आहे. जर्मन कवी गटे याने तो १७८६ मध्ये पाहिला आणि त्याच्या पानांचं रूप खालून वर कसं बदलत जातं, यावर विचार करत राहिला. १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतरावर त्याने निबंध लिहिला, आणि तेव्हापासून ते झाड त्याच्याच नावाने ओळखलं जातं. क्यूच्या पाम हाउस नावाच्या काचघरात एक सायकड (पामसारखं दिसणारं, पण शंकू धरणारं झाड) आहे, १७७५ मध्ये फ्रान्सिस मॅसनने दक्षिण आफ्रिकेहून आणलेलं, आणि ते कुंडीत आहे! अडीचशे वर्षं कुंडीत. त्याला तिथे आजवर एकदाच शंकू आला, १८१९ मध्ये. त्याच्यासमोरून लोक दोन सेकंदांत निघून जातात, कारण दिसायला ते वाकलेल्या खांबावर पानांचा झुपका एवढंच आहे.

तालिपोट ताड असलेल्या उद्यानात गेलात तर शेंड्याकडे बघा. हा ताड तीस ते ऐंशी वर्षांत एकदाच फुलतो, फळं धरतो आणि मरतो. शेंड्यावर पिवळसर तुरा दिसला तर बाकीचा कार्यक्रम रद्द करून तिथेच थांबा.

जुन्या झाडाभोवती कठडा असेल तर त्याच्या आत जाऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. रोज शेकडो पावलं पडली की माती दबते, तिच्यातली हवा जाते आणि मुळं गुदमरतात. खोडावर नावं कोरणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, उगाच शब्द वाईट जातील.

काचघरात

बाहेरून आत शिरलात की चष्मा आणि कॅमेरा दोन्ही धुरकट होतात. पुसत बसू नका, पाच-दहा मिनिटं द्या, काच गरम झाली की वाफ आपोआप जाते. तोवर वर बघा. क्यूचं पाम हाउस १८४४ ते १८४८ मध्ये बांधलं, आणि त्याच्या लोखंडी कमानींत जहाजबांधणीचं तंत्र आहे. उलट्या जहाजाच्या पोटात उभं राहिल्यासारखं वाटतं, ते त्यामुळेच.

मोठ्या पानांची व्हिक्टोरिया कमळं दुपारी बघायला गेलात तर पानंच बघाल. फूल संध्याकाळी उमलतं, पहिल्या रात्री पांढरं आणि दुसऱ्या रात्री गुलाबी. पहिल्या रात्री वासाने आणि उबेने भुंगेरे आत येतात, फूल मिटतं, ते दिवसभर आत अडकतात आणि दुसऱ्या संध्याकाळी पराग माखून सुटतात. एखादं उद्यान संध्याकाळी उघडं असेल तर तिकीट त्या दिवशीचं काढा. महासुरण, म्हणजे टायटन अॅरम, फुलणार अशी बातमी आली तर वाट बघू नका. तो दीड-दोन दिवसांत आटोपतो, आणि वास सडलेल्या मांसाचा येतो. रांग तरीही लांब असते.

हात लावावा का?

पान चुरगळून वास घ्यायचा मोह होतो. करू नका. रोज शंभर माणसांनी एकेक पान तोडलं तर झुडूप उघडं पडतं. खाली पडलेलं पान, फळ किंवा बी सुद्धा काही उद्यानांत उचलू देत नाहीत, कारण ते बी त्यांना दुसऱ्या उद्यानाला पाठवायचं असू शकतं. विचारून उचला. काहीही चाखू नका. कण्हेर, एरंडाच्या बिया, धोतरा ही सगळी सुंदर मंडळी औषधी वाफ्यांतच राहतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्या भागात त्यांचा हात धरा.

फोटो आणि नोंद

फोटोचा क्रम बांधून घ्या: आधी पाटी, मग पूर्ण झाड, मग साल, मग पानाची वरची आणि खालची बाजू, शेवटी फूल किंवा फळ. पुढच्या झाडाला पुन्हा पाटीपासून सुरुवात. महिन्याने फोटो उघडलेत तरी पाटीपासून पाटीपर्यंत एक झाड, हा हिशेब चुकत नाही. माझे ते दोनशे फोटो याच एका कारणाने वाया गेले.

पाचपैकी एका झाडाचं चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी. पान समोरासमोर आहे की आलटून पालटून, कडा कातरलेली आहे की सलग, हे पेन्सिल हातात असली तरच डोळ्यांना दिसतं.

घरी आल्यावर एखाद्या झाडाबद्दल अडलंच, तर उद्यानाच्या कार्यालयाला लिहा. “तळ्याजवळचं मोठं झाड” असं लिहिलंत तर उत्तर यायचं नाही, तिथे तळ्याजवळ शंभर मोठी झाडं असतात. नोंद क्रमांक, तुम्ही पाहिलं ती तारीख, पानाचा एक फोटो आणि एकच प्रश्न. अशा एका पत्राला मला तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पाटीवर होतं त्यापेक्षा दोनच गोष्टी जास्त होत्या: बी कुठल्या खिंडीत गोळा केलं ते, आणि त्या वर्षी पेरलेल्या अकरा बियांपैकी हे एकच रुजलं होतं.